पातेगळ म्हणजे नुसती कीड नव्हे
(परळी वैजनाथ येथील बैठकीतील भाषण)



2013 साली पाणी नाही म्हणून आपल्या परळीचं थर्मल बंद ठेवावं लागलं. पीक मात्र पाणी संपेपर्यंत थांबत नाही. मुळाजवळची ओल कमी होऊ लागली की पानं सुकायच्या आधीच ते सावध होतं. त्याच्या अंगात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं द्रव्य वाढतं आणि पानांवरची बारीक छिद्रं मिटतात. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 1963 साली हे द्रव्य वेगळं काढलं, तेही कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून.

छिद्रं मिटली की पाणी वाचतं, पण हवा आत जात नाही आणि अन्न कमी तयार होतं. मग कपाशी खर्च कमी करते. पात्या आणि लहान बोंडं टाकून देते. ज्वारी पानांची सुरळी करते, वाढ थांबवते आणि पावसाची वाट बघते.

म्हणून पातेगळ दिसली की लगेच उधारीवर औषध आणायला पळू नका. गळालेल्या पात्या उचलून बघा. किडीची खूण नसेल तर वीतभर खणून ओल बघा. ओल तुटली असेल तर फवाऱ्यानं ती येणार नाही. कोळपं घाला, भेगा बुजवा, तण काढा.

आणि शेत हिरवं दिसतंय म्हणून नुकसान नाही, असं पंचनाम्याला आलेला कुणी म्हणाला, तर त्याला सरीत नेऊन गळालेल्या पात्या मोजायला लावा. आपला तोटा तिथं पडलेला असतो.