हप्त्याच्या आधी पुस्तकाचं पहिलं पान

आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी 18 हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, तर सहावीतल्या मुलीच्या अभ्यासाच्या ॲपसाठी. विकणारा घरी आला होता. पोरगी गणितात मागे पडेल, अशी भीती घालून गेला. सही उद्या करायची होती. खरं सांगते, मीही आधी मान डोलावली. मुलीच्या शिक्षणाला नाही कसं म्हणायचं?

पण त्यांच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "पोरीचं अडतंय कुठं, ते तरी विचारा." विचारलं. अडत होतं अपूर्णांकात. मग तिचं बालभारतीचं पुस्तक मागवलं. पहिल्या पानावर तो काळा-पांढरा चौकोन असतो ना, क्यूआर कोड, तो आपण कधी बघतच नाही. फोनवर दीक्षा नावाचं सरकारी ॲप घेतलं, त्यातून चौकोनावर कॅमेरा धरला आणि पुस्तकच फोनवर आलं. धड्यातल्या चौकोनावर धरला, तर त्या धड्याचा मराठी व्हिडिओ. पैसा एक नाही. दीक्षा 2017 पासून आहे, आणि आम्ही कर्ज काढायला बसलो होतो!

आमच्या वाडीवर रेंज नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी व्हिडिओ डाउनलोड करून आणायचे. नंतर नेटशिवाय चालतात. मात्र पोर नुसतं बघत बसलं तर ते टीव्हीच झालं. व्हिडिओ थांबवायचा, उदाहरण वहीत सोडवायला लावायचं. आपल्याला गणित येत नसलं तरी वही भरली का, हे तर दिसतं.

लहानांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे. तिथे मराठीत चित्रांच्या गोष्टी फुकट मिळतात, सोप्यापासून अवघडपर्यंत चार पायऱ्यांत. आमच्यातल्या दोघी नव्याने वाचायला शिकल्यात, त्याही पहिल्या पायरीच्या गोष्टी वाचतात. नातवाचं निमित्त करून. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आहेत, शिवाय काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून खेळणी करायचे व्हिडिओ. एकदा बघून फोन ठेवून द्यायचा; पुढचं काम हातांचं.

कॉलेजातल्या मुलींना स्वयं सांगा. त्यावर शिकणं फुकट आहे. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी पडते. बरेचसे वर्ग इंग्रजीत आहेत, हे मात्र आधीच सांगा, नाहीतर मुलगी पहिल्याच दिवशी हिरमुसते.

आता हप्त्याचं. असं ॲप विकणारे "महिन्याला थोडेच" म्हणतात, तेव्हा पुष्कळदा ते कुठल्यातरी वित्त कंपनीचं कर्ज असतं. मुलीने ॲप उघडणं सोडलं तरी हप्ता चालूच राहतो. म्हणून सही करण्याआधी कागद गटात आणा, कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि फुकट म्हणून कुणी बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला, तर तिथेच थांबा.

त्या ताईंनी सही केली नाही. मुलीला अपूर्णांकांची बेरीज जमते, भागाकारात अजून अडते. रविवारी वही घेऊन माझ्याकडे येते. गेल्या बैठकीत ताईंनी 8 हजार मागितले, शेळीसाठी. ते आम्ही लगेच दिले.