घरखरेदी आणि वकिलाचा सल्ला

पसंतीची सदनिका सापडते, किंमत ठरते, चांगला दिवस पाहून बयाणा दिला जातो आणि पेढे वाटून झाल्यावर कोणी तरी विचारते, "कागद वकिलाला दाखवले का?" महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांत घरखरेदी याच क्रमाने होत असते. वास्तविक वकिलाचे काम बयाण्यानंतर नव्हे, तर त्याच्या आधी सुरू व्हावयास हवे.

या दिरंगाईच्या मुळाशी एक समजूत आहे. दस्त नोंदला गेला की मालकी पक्की झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करून घेतो. विकणाऱ्याच्या मालकीची ग्वाही देत नाही. दस्त करून देणारी व्यक्ती तीच आहे काय, तिला दस्त कबूल आहे काय, मुद्रांक शुल्क पुरेसे आहे काय, हे दुय्यम निबंधक पाहतात. विकणाऱ्याची मालकी तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. शुल्क भरले, अंगठा उमटला, छायाचित्र निघाले, तरी विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क होता तेवढाच घेणाऱ्याकडे येतो.

याचा अर्थ एका नेहमीच्या प्रसंगावरून ध्यानात येईल. समजा, सहकारी गृहनिर्माण संस्थेतील एक सदनिका विक्रीस आहे. मूळ सभासद मृत्युपत्र न करता निवर्तले. त्यांनी थोरल्या मुलाचे नामनिर्देशन केले होते, संस्थेने त्याचे नाव लावून घेतले आणि आता तोच घर विकावयास निघाला आहे. संस्थेचे पत्र आहे, भागपत्र आहे, घराच्या किल्ल्याही त्याच्याच हातात आहेत. घेणाऱ्या निवृत्त दांपत्याला संशय यावा असे काहीच नाही. परंतु नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्था अधिनियमातही नामनिर्देशित व्यक्तीस वारस ठरेपर्यंत हंगामी सभासद म्हणूनच स्थान आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृताची पत्नी, मुलगे आणि मुली यांचे हिस्से समान असतात. परगावी सासरी असलेल्या दोन मुलींनी सह्या केल्या नसतील, तर त्यांचा हिस्सा विकलाच गेलेला नाही. दांपत्याची भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी दिली गेल्यावर त्यांतील एक मुलगी दावा घेऊन उभी राहिली, तर दोष कोणाला द्यावयाचा? सावध वकिलाने पहिल्याच भेटीत विचारले असते, "वडिलांना मुले किती?" आणि सर्व वारसांच्या सह्या किंवा नोंदलेले हक्कसोडपत्र आल्याखेरीज एक रुपयाही देऊ दिला नसता.

मग असा वकील कोण? मुंबईत या कामासाठी सॉलिसिटर हा शब्द अजून रुळलेला आहे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पूर्वी सॉलिसिटरांचा वेगळा वर्ग होता. १९७६ च्या दुरुस्तीने तो कायद्यातून गेला, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा घेत आली आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र सनदधारक कोणताही वकील हे काम करू शकतो. फौजदारी खटल्यांत नावाजलेला वकील मिळकतीच्या कामातही तरबेज असेलच असे नाही. वकिलांना व्यवसायाची जाहिरात करण्यास मनाई असल्यामुळे चौकशी तोंडीच करावी लागते. त्याच तालुक्यात नुकतेच घर घेतलेल्यांकडून, किंवा जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाकडून ती अधिक खात्रीची मिळते. दलालाने सुचविलेल्या नावाबद्दल थोडे सावधच राहावे. दलालाचा मेहनताना व्यवहार पार पडण्यावर अवलंबून असतो, आणि व्यवहार मोडण्याचा सल्ला देण्याचे धैर्य वकिलापाशी लागते.

वकील कोणाचा, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. नव्या प्रकल्पात विकासक आपल्या वकिलाचा मालकीहक्क अहवाल महारेराच्या संकेतस्थळावर ठेवतो. कर्ज देणारी बँकही आपल्या वकिलाकडून तपासणी करविते. खरेदीदारास वाटते, दोघांनी पाहिले, आता तिसरा कशाला? पहिला वकील विकणाऱ्याचा आणि दुसरा बँकेचा. बँकेला तिचे कर्ज वसूल होण्याची काळजी असते. करारातील ताब्याची तारीख, वाहनतळाची जागा, भोगवटा प्रमाणपत्र यांची चिंता वाहणारा माणूस खरेदीदाराने स्वतःच नेमावा लागतो. नव्या प्रकल्पात २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे थोडे कवच तरी आहे. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही आणि मालकीहक्क सदोष निघाल्यास भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. जुने घर खाजगी व्यक्तीकडून घेताना हे कवच नसते.

वकील प्रामुख्याने करतो ते शोधाचे काम. सूची क्रमांक २, सातबारा व फेरफार, शहरात मिळकत पत्रिका, यांतून साधारणतः ३० वर्षांचा माग काढला जातो. स्थावराचे गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत ३० वर्षांची आहे, हे या आकड्यामागील एक कारण होय. अलीकडील नोंदी संगणकावर मिळतात. जुन्यांसाठी वह्याच चाळाव्या लागतात, आणि काही पाने फाटकी वा गहाळ असल्याचा शेरा अहवालात हमखास आढळतो. तो शेरा किती वर्षांपुरता आहे, हे खरेदीदाराने अवश्य विचारावे. केवळ मूळ दस्त बँकेत ठेवून केलेले गहाण पूर्वी सूचीत उमटत नसे. त्यासाठी २०११ पासून केंद्रीय नोंदवही आहे. तरीही मूळ दस्त डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. "मूळ प्रती हरवल्या" हे उत्तर ऐकताच वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागविणे इष्ट.

फी किती व कोणत्या कामाची, हे आरंभीच लेखी ठरवून घ्यावे. शोध, अहवाल, मसुदा आणि नोंदणीच्या वेळची उपस्थिती ही निरनिराळी कामे आहेत. वकिलापासून काही लपवू नये. किमतीचा काही भाग रोखीने देण्याचे ठरले असेल तर तेही नाही, कारण ती रक्कम बुडाल्यास मागावयास कागद उरत नाही. अहवाल लेखी मागावा. मसुदा इंग्रजीत असल्यास त्याचा अर्थ मराठीत समजावून घेण्यात कमीपणा नाही. घरातील ज्यांची नावे दस्तात येणार आहेत त्या सर्वांनी, विशेषतः गृहिणीने, त्या बैठकीस हजर असावे. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना विधि सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य कायदेविषयक सल्ला मिळू शकतो. तालुका न्यायालयातील विधि सेवा समितीकडे चौकशी करावी.

बयाणा देणे अगदीच टळत नसेल, तर रक्कम लहान ठेवावी, ती धनादेशाने द्यावी आणि मालकीहक्क निर्वेध न आढळल्यास ती ठरलेल्या मुदतीत परत मिळेल, ही अट बयाणापत्रात वकिलाकडून घालून घ्यावी. विकणारा या अटीला तयार होत नसेल, तर त्याचे कारण विचारावे.

दस्त झाल्यावर तो सहीच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस सादर करावयाचा असतो. त्यानंतर सूची क्रमांक २ ची प्रत, संस्थेतील भागपत्रावरील नाव, मालमत्ता कर आणि वीजजोडणी यांतील बदल राहतात. वकिलाचा शोध अहवाल मूळ दस्तासोबत त्याच पाकिटात ठेवावा. पुढे कधी घर विकावयाचे झाले, तर घेणाऱ्याचा वकील तोच प्रथम मागेल.