खोदण्याआधी विचारा: जमिनीखालची कामं आणि ठेकेदाराचा विमा

मी झाशीतून बोलतोय. झाशी म्हटलं की मराठी माणसाला किल्ला आठवतो, राणीचा महाल आठवतो, 1842 साली जिथे राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं ते गणेश मंदिर आठवतं. आज मात्र मी तुम्हाला खाली बघायला सांगणार आहे. रस्त्याच्या खाली.

जुन्या शहरात, खंडेराव दरवाजाच्या आतल्या गल्ल्यांत चालताना पायाखाली काय काय असतं? पाण्याची पाइपलाइन, गटार, विजेची केबल, फोनची फायबर. प्रत्येक गोष्ट वेगळ्या खात्यानं, वेगळ्या वर्षी घातलेली. त्यात हा बुंदेलखंड. वरची माती थोडी आणि खाली ग्रॅनाइट. पुष्कळ ठिकाणी खोल जाताच येत नाही, म्हणून सगळ्यांची दाटी वरच्या दोन-तीन फुटांत होते.

अशा जागी चर खोदणाऱ्या ठेकेदारासाठी आजचं बोलणं आहे. तुम्ही नागपूरला असा, इंदूरला असा की बेळगावला. पॉलिसीच्या अटी जवळपास त्याच असतात.

समजा, तुमच्याकडे चाळीस लाखांचं पाइपलाइनचं काम आहे. तिसऱ्या दिवशी जेसीबीच्या बकेटमध्ये केबल आली आणि तुटली. केबलवाल्यांनी दुरुस्तीचं बिल पाठवलं. खात्यानं तुमचं चालू बिल अडवलं. तुम्ही म्हणालात, काळजी नाही, विमा आहे. कागद काढून बघितला, तर तो जेसीबीचा वाहन विमा. तो प्रामुख्यानं रस्त्यावरच्या अपघातासाठी असतो. बकेट जमिनीत घालून काम चालू असताना झालेलं नुकसान, जास्तीचा हप्ता भरून मुद्दाम जोडून घेतलं नसेल, तर त्यात बसत नाही. घर गहाण पडायची वेळ येते ती अशी.

मग हवं काय? तीन गोष्टी.

पहिली, कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी. तिचे दोन भाग. एका भागात तुमचं स्वतःचं काम: घातलेले पाइप, साइटवरचं सामान, पुरात भरलेला चर. दुसऱ्या भागात तिऱ्हाइताचं नुकसान: रात्री चरात पडलेला सायकलस्वार, शेजारच्या घराची पडलेली भिंत.

दुसरी, यंत्रांचा विमा. अचानक झालेल्या बाहेरच्या अपघातानं मशीन मोडलं तर तो उपयोगी. झिजून बंद पडलं तर नाही.

तिसरी, मजुरांची नुकसानभरपाई. हिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. 1923 च्या कायद्यानं ही जबाबदारी मालकावर टाकली, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. हिशेब ऐका. कामावर मृत्यू झाला तर वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. तीस वर्षांच्या मजुरासाठी तो आकडा 207.98 आहे. दरमहा 15,000 वेतन धरलं, तर रक्कम होते 15,59,850 रुपये. मजूर पोट-ठेकेदाराचा होता, हे सांगून मूळ ठेकेदाराची सुटका होत नाही. आधी द्यावं लागतं, मग त्याच्याकडून वसूल करत बसावं लागतं. आणि पैसे द्यायला उशीर केला म्हणून दंड लागला, तर तो विमा कंपनीवर ढकलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

आता मुद्द्याचं. पॉलिसी घेतली म्हणजे क्लेम मिळाला असं नाही. बारीक अक्षरातल्या तीन अटी मोठ्यानं वाचा.

एक, जमिनीखालच्या केबल आणि पाइपची अट. काम सुरू करण्याआधी तुम्ही संबंधित खात्यांकडे त्यांच्या लाइनी नेमक्या कुठे आहेत याची चौकशी केली असेल, तरच भरपाई. तीही दुरुस्तीच्या खर्चापुरती. केबल बंद राहिल्यानं समोरच्याचा धंदा बुडाला, तर ते तुमच्या अंगावर.

दोन, हादरे आणि आधार सुटणे. ब्रेकरनं खडक फोडताना शेजारच्या जुन्या घराला तडा गेला, तर साध्या पॉलिसीत हे वगळलेलं असतं. जास्तीचा हप्ता भरून ते जोडून घ्यावं लागतं. आणि जोडून घेतलं तरी काम सुरू होण्याआधी घर धड होतं, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

तीन, उघड्या चराची लांबी. पाइपच्या कामात एका वेळी किती मीटर चर उघडा ठेवता येईल, हे लिहिलेलं असतं. पावसाळ्यात त्याहून जास्त उघडा ठेवलात, तर वरच्या लांबीचं नुकसान तुमचंच.

म्हणून मी म्हणतो, ठेकेदाराचा खरा विमा एका साध्या वहीत असतो. खोदण्याआधी पाणी, वीज, फोन, गॅस, सगळ्यांना पत्र द्या आणि पोच घ्या. केंद्र सरकारनं 22 मार्च 2023 ला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप याच कामासाठी सुरू केलं. बेशिस्त खोदकामामुळे केबलसारख्या गोष्टींचं देशात वर्षाला सुमारे 3,000 कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनंच तेव्हा सांगितलं होतं. ॲपवर सूचना टाका, तिचा फोटो ठेवा. नकाशावर विसंबू नका, आधी हातानं खड्डा घेऊन बघा. दोन्ही बाजूंच्या घरांचे फोटो तारखेसह काढा.

आणि चर दीड मीटरच्या पुढे गेला की बाजूंना आधार द्या किंवा उतार काढा. उकरलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाका. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वर वजन असतं. ती छातीवर आली, तर माणसाला ओरडायलाही श्वास उरत नाही. पंधरा लाख साठ हजार हा कागदावरचा हिशेब झाला. त्या मजुराच्या घरी तो हिशेब कधीच पुरा होत नाही.

आज एवढंच करा. घरातली पॉलिसी काढा आणि एजंटला फोन करून एकच प्रश्न विचारा: माझ्या बकेटनं उद्या दुसऱ्याची केबल तोडली, तर कोणत्या कलमाखाली, किती पैसे मिळतील? उत्तर लेखी मागा. लेखी मिळालं नाही, तर विमा नाही असंच समजा आणि उद्याचं खोदकाम एक दिवस पुढे ढकला.