छत्रीखालचा रंग

श्रोतेहो, आर्द्रा-पुनर्वसूच्या सरी पडून दोन दिवस ढगाळ गेले, की आपल्या जालना जिल्ह्यात बांधावर, उकिरड्याच्या कडेला, अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या आळ्यांत रातोरात छत्र्या उभ्या राहतात. आपण त्यांना सरसकट कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो आणि पुढे जातो. विदर्भातला माणूस मात्र वारुळावर सात्या दिसल्या की टोपली शोधतो. गोव्यात तर पावसाळ्यात रानातली अळमी चांगल्या भावानं विकली जाते. म्हणजे एकाला जी टाकाऊ, ती दुसऱ्याची मेजवानी. प्रश्न एवढाच, की समोरची नेमकी कोणती?

यावर घरोघरी उपाय सांगितले जातात. भाजीत चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी. लसूण टाकून बघा. किड्यांनी खाल्लेली असेल तर माणसालाही चालते. श्रोतेहो, यातला एकही उपाय खरा नाही. सर्वांत घातक विषानं चांदी काळी पडत नाही, ते शिजवून जात नाही आणि किडे त्या छत्र्या खुशाल खातात.

त्यापेक्षा एक साधी गोष्ट करता येते. छत्री उलटी केली की खाली पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे दिसतात. त्यांवर बीजाणू तयार होतात, म्हणजे या वनस्पती नसलेल्या जिवाचं बियाणंच म्हणा. ते इतके बारीक, की हजारभर एका ओळीत मांडले तर जेमतेम एक सेंटिमीटर भरेल. एकटा दिसत नाही, पण लाखोंनी एका जागी पडले की त्यांचा रंग दिसतो. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून छत्र्यांची वर्गवारी लावताना याच रंगाचा आधार घेतला. आज सूक्ष्मदर्शक आहेत, जनुकांची तपासणी आहे, तरी अभ्यासक रानातून आला की आधी हा ठसा घेतो.

ठसा घ्यायला घरातलं सामान पुरतं. पूर्ण उमललेली, ताजी छत्री घ्या. देठ टोपीलगत कापा. मुलांची पाटी घ्या आणि तिच्या अर्ध्या भागावर पांढरा कागद ठेवा. टोपी पडद्यांची बाजू खाली करून अशी ठेवा, की अर्धी कागदावर आणि अर्धी काळ्या पाटीवर येईल. पाटी कशाला? पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही, आणि लोक समजतात की काही पडलंच नाही. टोपीवर पाण्याचा एक थेंब सोडा, वर वाटी पालथी घाला, म्हणजे वारा लागणार नाही. सकाळी टोपी अलगद उचला. पडद्यांची रेघन् रेघ उमटलेली दिसेल. मुलांना हे जरूर दाखवावं. पाटी आणि हात मात्र नंतर धुवावेत.

आता रंगाचं म्हणाल, तर वारुळावरच्या छत्रीचा ठसा फिकट गुलाबीसर येतो. बटण अळिंबीच्या जातकुळीचा गडद तपकिरी, चॉकलेटसारखा. उकिरड्यावर उगवून दिवसभरात शाई होऊन गळणाऱ्यांचा काळा. आणि एक हिरवट. हा हिरवट ठसा लक्षात ठेवा. हिरवळीवर, शेणखत टाकलेल्या जागी, कधी गोल रिंगण करून एक मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली छत्री येते. दिसायला देखणी, भरपूर गर, देठावर कडं. कोवळेपणी तिचे पडदे पांढरेच असतात, त्यामुळे खाण्याजोग्या छत्रीशी तिची गल्लत होते. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि लहान मुलांचे फार हाल होतात. तिचा खरा रंग रात्रभर ठेवलेल्या कागदावर कळतो. कळीच्या अवस्थेत ठसाच पडत नाही, म्हणून न उमललेल्या छत्र्या तोडून आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ठशावर भलता विश्वासही नको. आपण शेडमध्ये सोयाबीनच्या किंवा गव्हाच्या भुश्यावर घेतो त्या धिंगरीचा ठसा पांढरट, आणि जगातल्या सर्वांत विषारी अमानिटा कुळाचाही पांढराच! तेव्हा ठसा ‘ही नव्हे’ एवढं सांगतो, ‘ही खा’ असं कधीच सांगत नाही. (धिंगरी लावणाऱ्यांनी शेडमध्ये नाकातोंडाला फडकं बांधावं, तिथं हेच बीजाणू हवेत असतात आणि छातीला त्रास देतात.)

परमुलखात गेलेल्यांना धोका अधिक. आशियातल्या लोकांना भातपेंढ्यावरची अळिंबी ओळखीची. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत तशीच दिसणारी ‘डेथ कॅप’ अमानिटा त्यांनी घरच्यासारखी समजून खाल्ल्याचे प्रसंग घडले आहेत. कॅनबेरात जानेवारी २०१२ मध्ये अशा जेवणानंतर दोघे दगावले. भातपेंढ्यावरचीचा ठसा गुलाबी, डेथ कॅपचा पांढरा. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत. गावाकडची छत्री इथं दिसली असं वाटलं, तर त्यांनीही थांबावं.

आणि कुणी खाल्लीच, तर? अमानिटाच्या विषात त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. बरं वाटलं म्हणून घरी बसू नका. सरळ मोठ्या रुग्णालयात जा, आणि जाताना उरलेली भाजी, कचऱ्यातले देठ, असेल तर ठशाचा कागदही सोबत न्या. ओल्या छत्र्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सडतात, त्या वर्तमानपत्रात गुंडाळा.