औषधोपचाराचा खर्च कोणीं सोसावा ?

घरांत दुखणें आलें म्हणजे डॉक्टरला बोलावण्याआधीं घरचा कर्ता पेटी उघडून पैसे मोजतो, हा देखावा जगांतील बहुतेक गरीब देशांत अजून नित्याचा आहे. दुखणें मोठें निघालें तर पेटी पुरत नाहीं. मग जमीन गहाण पडते, मुलीची शाळा सुटते, आणि रोगी बरा झाला तरी घर उठत नाहीं. ह्या अवकळेचा जमाखर्च मांडणें हा ज्यांचा व्यवसाय, त्यांना आरोग्य-अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. कोणत्या उपचारास किती पैसा लागतो हें ते मोजतात खरें, पण त्यांचा मूळ प्रश्न निराळाच आहे : तो पैसा कोणाच्या खिशांतून निघतो, आणि केव्हां ? रोगशय्येपाशीं वसूल होणारी फी हा एक प्रकारचा करच होय, आणि तोही सर्वांत अन्यायाचा. कारण जो जास्त आजारी तो जास्त भरतो, व त्याची ऐपत कोणी विचारीत नाहीं.

पैसे नाहींत म्हणून कोणी उपचारावांचून राहूं नये, हें तत्त्व भोर समितीनें १९४६ सालीं हिंदुस्थानापुढेंही मांडलें होतें. तत्त्व मांडणें सोपें, त्यासाठीं पैसा उभारणें कठीण. तो कसा उभारावा हें पाहावयाचें तर सयाम देशाकडे, म्हणजे आतांच्या थायलंडकडे, वळलें पाहिजे.

तेथें १९७५ पासून गरिबांसाठीं मोफत उपचाराची सोय होती. परंतु गरिबीचा दाखला खऱ्या गरिबालाच मिळतो असें थोडेंच आहे ! १९८३ पासून स्वेच्छेनें विकत घ्यावयाचीं कार्डें निघालीं; पण अशीं कार्डें आजारी माणूस धांवत जाऊन घेतो, धडधाकट माणूस घेत नाहीं, आणि निधीला तोटा येतो. सरकारी नोकरांची व कारखान्यांतील पगारदारांची व्यवस्था स्वतंत्र होती. इतकें असूनही २००१ सालीं जवळजवळ तिसरा हिस्सा लोक उघड्यावरच होते.

खेड्यांतील रुग्णालयांत काम केलेले डॉ. सांगुआन नित्यारुम्फोंग व त्यांचे सहकारी ह्या प्रश्नाचा हिशेब कित्येक वर्षें मांडीत होते. २००१ च्या निवडणुकींत एका पक्षानें ती योजना उचलली, आणि दर खेपेस अवघे ३० बाट देऊन उपचार, अशी घोषणा झाली. एप्रिल २००१ मध्यें सहा प्रांतांत आरंभ होऊन वर्षभरांत योजना देशभर पसरली. २००२ च्या नोव्हेंबरांत तिला कायद्याचें बळ मिळालें.

योजनेचें मर्म घोषणेंत नव्हतें, हिशेबांत होतें. पैसा सर्वसाधारण करांतून आला. शेतमजुराच्या दारीं हप्ता मागावयास कोणी गेलें नाहीं. आरंभीं माणशीं वर्षाला १,२०२ बाट धरले होते. बाह्य उपचारांचा पैसा रुग्णालयास नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर मिळे. दर खेपेची फी असली म्हणजे इंजेक्शनें वाढतात. माणशीं रक्कम ठरली कीं लोक निरोगी राहण्यांत रुग्णालयाचाच फायदा. अर्थात् त्यांत उपचाराचा हात आंखडण्याचाही धोका आहे. म्हणून भरती झालेल्या रोग्यांचा हिशेब निराळा, रोगाच्या प्रकारावर ठेवण्यांत आला.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्याचें रक्त आयुष्यभर शुद्ध करावें लागतें, आणि हा उपचार योजनेंतून वगळलेला होता. अर्थशास्त्राच्या नेहमींच्या मापानें तें बरोबरच होतें. आयुष्याचें एक वर्ष वाढविण्यास दरडोई उत्पन्नाच्या कित्येक पट खर्च येई, व तेवढ्यांत इतर किती तरी माणसें वांचलीं असतीं. पण त्याच रोगाच्या सरकारी कारकुनाला हा उपचार मिळे आणि शेतकऱ्याला मिळत नसे. शेतकऱ्याचें घर आधीं कर्जांत बुडे, मग तो मरे. एका कायद्याखालीं राहणाऱ्या दोन माणसांत हा भेद कसा समर्थावा, ह्याला त्या मापांत उत्तर नव्हतें. रोग्यांनीं संघटित होऊन हाच प्रश्न विचारला.

२००७ च्या अखेरीस सरकार वळलें, आणि जानेवारी २००८ पासून उपचार सुरू झाला. मात्र अर्थशास्त्रज्ञांचे आंकडे फुकट गेले नाहींत. शहरांतील यंत्रें व परिचारिका अपुऱ्या असल्यामुळें, पोटांत द्रव सोडून घरच्या घरीं रक्त शुद्ध करण्याची पद्धत प्रथम वापरावी असें ठरलें. द्रवाच्या पिशव्या टपालखात्यामार्फत खेडोपाडीं पोंचूं लागल्या. त्याच महिन्यांत डॉ. सांगुआन कर्करोगानें वारले.

२०२२ सालीं रोग्याला दोहोंपैकीं हवी ती पद्धत निवडण्याची मुभा मिळाली. घरच्या पद्धतीच्या कटकटीला कंटाळलेल्यांना ती हवीच होती. लोक यंत्राकडे वळले, खर्च वाढला, आणि त्याच तिजोरींतून बालकांची लस व बाळंतिणीची शुश्रूषाही भागवावयाची असल्यामुळें हिशेबाची वही पुन्हा उघडावी लागली.