बाराव्या ओळीतला मुलगा

आज एकाच पुस्तकाबद्दल बोलायचंय. खरं तर त्यातल्या एका पानाबद्दल.

पुस्तक मिल्ड्रेड टेलर यांचं, ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’. १९७६ साली आलं आणि १९७७ साली त्याला न्यूबेरी पदक मिळालं. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांसाठी हा फार मोठा मान. गोष्ट घडते १९३३ साली, मिसिसिपीत. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या, आणि हे सगळं कायद्यानं बरं का. गोष्ट सांगते नऊ वर्षांची कॅसी लोगन. तिचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा, घरात त्याला ‘लिटल मॅन’ म्हणतात. हा पोरगा इतका टापटीप, की शाळेत जाताना कपड्यांना धूळ लागू नये म्हणून जपून पावलं टाकतो. गोऱ्या मुलांना शाळेची बस आहे. ही भावंडं पायी. बस येते आणि मुद्दाम यांच्यावर लाल धुरळा उडवून जाते.

शाळेत त्या दिवशी पुस्तकं वाटतात. लिटल मॅनच्या हातात मळकं, फाटकं पुस्तक येतं. तो दुसरं मागतो, मिळत नाही. मग आतलं पान उघडतो, तर तिथे एक तक्ता. पुस्तक कधी दिलं, तेव्हा त्याची अवस्था कशी होती आणि घेणारं मूल कोणत्या वंशाचं. अकरा ओळींत गोरी मुलं. पुस्तक नवं होतं तेव्हापासून पार खिळखिळं होईपर्यंत. बाराव्या ओळीत अवस्था ‘अतिशय खराब’, आणि पुढे काळ्यांसाठीचा अपमानाचा शब्द. लिटल मॅन पुस्तक जमिनीवर आपटतो आणि त्याच्यावर पाय आपटत नाचतो.

आता तुम्ही म्हणाल, जुनी पुस्तकं तर आम्हीही वापरली की! मीपण वापरली. वरच्या वर्गातल्या ताईची, निम्म्या किमतीत, पहिल्या पानावर तिचं नाव खोडून खाली माझं. पण आपल्या पुस्तकात कोणी लिहून ठेवलं नव्हतं, की हे आता टाकायच्या लायकीचं झालंय, तेव्हा तुला चालेल.

हे मी माझ्या भाचीला मराठीत सांगत होते. चौथीत आहे. लिटल मॅनला बाई छडीनं मारतात, इथपर्यंत आले तर ती म्हणाली, “मावशी, पण बाईपण काळ्याच होत्या ना?”

मी गप्पच. आधी म्हटलं, घाबरल्या असतील. तिला पटलं नाही. खरं सांगू, मलाही पुरतं पटलं नाही. बाईंना वाटतं, मिळतंय ते काय कमी आहे, मुलांनी उपकार मानावेत. अपमानाची एवढी सवय, की सहा वर्षांच्या मुलाला दिसतं ते त्यांना दिसेनासं झालंय. हे चौथीतल्या पोरीला कसं सांगायचं?

कॅसीची आईपण त्याच शाळेत शिक्षिका आहे. ती ओरडत नाही, भाषण देत नाही. कागद कापते आणि डिंकानं त्या तक्त्यावर चिकटवून टाकते. एवढंच. पण पुढे शाळेचे गोरे कारभारी वर्गात येतात, तो चिकटवलेला कागद त्यांच्या नजरेला पडतो, ती गुलामगिरीचा इतिहास शिकवते हेही दिसतं, आणि तिची नोकरी जाते.

असंच दुसरं पुस्तक, बेव्हर्ली नायडू यांचं ‘जर्नी टू जो’बर्ग’. दक्षिण आफ्रिकेतलं. धाकटी बहीण आजारी, म्हणून नालेदी आणि टिरो आईला आणायला निघतात. आई तीनशे किलोमीटरवर जोहान्सबर्गमध्ये एका गोऱ्या घरात मोलकरीण. ती लगेच निघूही शकत नाही, कारण मालकिणीला संध्याकाळी जेवणाला जायचंय आणि तिची मुलगी सांभाळायला कोणीतरी हवं. १९८५ साली आलेल्या या छोट्याशा पुस्तकावर तिथल्या सरकारनं बंदी घातली, ती १९९१ साली उठली. मुलांच्या पुस्तकाला सरकार घाबरतं ते असं.

आमचं लोगन भावंडांचं पुस्तक अजून अर्धंच झालंय. परवा भाचीचा फोन आला, “त्या धूळ उडवणाऱ्या बसचं पुढे काय झालं?” मुलं त्या बसचा बंदोबस्त करतात, एवढं तिला सांगितलंय. कसा, ते तुम्हालाही नाही सांगणार. वाचा. भेटू पुढच्या भागात.