विसराळू स्मृती आणि चिकाटीचे विज्ञान



संगणकाची कार्यस्मृती विसराळू असते. तिच्यातील प्रत्येक नोंद विद्युतभाराच्या रूपात असते. तो भार झिरपतो, म्हणून साधारणतः दर 64 मिलिसेकंदांनी ती पुन्हा लिहावी लागते. काम नसतानाही वीज खर्च होते, ती अशी.

इलेक्ट्रॉनला भाराखेरीज ‘स्पिन’ हा चुंबकीय गुणही असतो. चुंबकाच्या दिशेत ठेवलेली नोंद वीज गेली तरी टिकते. दोन चुंबकीय थरांमध्ये अतिसूक्ष्म जाडीचा विद्युतरोधक थर ठेवल्यास, चुंबकांच्या दिशेनुसार प्रवाहाला होणारा रोध बदलतो आणि नोंद वाचता येते. हे फ्रान्समध्ये मिशेल ज्युलियेर यांनी 1975 मध्ये दाखवले. मात्र उणे 269 अंश सेल्सिअसला!

सामान्य तापमानाला तेच ठळकपणे साधण्यास 20 वर्षे लागली. 1995 मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात तेरुनोबु मियाझाकी यांनी, तर अमेरिकेत आय.आय.टी. मद्रासमध्ये शिकलेले जगदीश मूडेरा यांनी ते साधले. जपानने धागा सोडला नाही. 2004 मध्ये त्सुकुबाच्या राष्ट्रीय संस्थेत शिंजी युआसा यांनी मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर वापरून परिणाम कितीतरी वाढवला. 2010 मध्ये तोहोकूच्याच हिदेओ ओहनो यांच्या गटाने 40 नॅनोमीटर व्यासाचा स्मृतिघटक घडवला.

पस्तीस वर्षांच्या या वाटचालीत प्रत्येकाने आधीच्याचे अपुरे काम पुढे नेले. राष्ट्राचे संशोधन असेच उभे राहते. साठ वर्षे पिढ्या घडवणारी शाळाही.